यूगोत दिलेला शब्द

फ्रीमँटल, ऑस्ट्रेलिया
१४ ऑगस्ट २०००

कुझ्मा,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढच्या बाजूला समुद्र आणि मागच्या बाजूला ‘वारा आहे’. संस्कृतच्या प्राध्यापकाकडून मी निदान एखाद्या विशेषणाची अपेक्षा केली होती.

आता कामाचं. स्प्लिटहून नेवेन्काचं पत्र आलंय. आईच्या नणंदेची सून ती. आपली आई बारा वर्षं त्यांच्या घराण्याच्या थडग्यात उसन्या जागेवर झोपली आहे. (खरं तर माझी आई आणि तुझी मावशी, पण नवव्या वर्षापासून तूही तिच्याच चुलीवरचं खाल्लंस, म्हणून ‘आपली’.) आता त्यांना ती जागा हवी आहे. मार्टिनच्या सणाच्या आत, म्हणजे अकरा नोव्हेंबरच्या आत, आपण सांगायचं: अस्थी बेटावर न्यायच्या, की तिथल्या सार्वजनिक अस्थिघरात सगळ्यांबरोबर ठेवायच्या. एकदा तिथे ठेवल्या की कोणत्या कोणाच्या हे देवालाच ठाऊक.

मी ठरवलंय ते असं. आई स्वतःच्या मर्जीने बेटावरचं लुचित्सा गाव सोडून गेली असेल, तर तिला मेल्यावर परत ओढून आणणारी मी कोण? पण मर्जी नसताना गेली असेल, तर तिला परक्यांत मिसळू देणं मला जमणार नाही.

सत्त्याऐंशी सालचा तो ऑक्टोबर आठव. यूगो नऊ दिवस चालू होता, असं तूच तेव्हा लिहिलं होतंस. आणि दक्षिणेचा तो ओला वारा चालू असताना आई कसलाही शब्द देत नसे. कोंबडी कापायची की नाही हेसुद्धा वारा फिरल्यावर ठरवायची. यूगोत दिलेला शब्द शब्द नव्हे, हे बेटावर शेंबडं पोरही सांगेल. मग तिने स्प्लिटच्या वृद्धाश्रमाला हो म्हटलं त्या दिवशी वारा कोणता होता? माएस्त्राल, वायव्येचा तो स्वच्छ वारा, असं तू लिहिलं होतंस. पुन्हा एकदा सांग. तू नाहीतरी दर उन्हाळ्यात व्रान्याकच्या हवामान केंद्रापाशी तंबू ठोकतोस. तिथल्या येर्कोकाकांच्या नोंदवहीत बघ, चौदा ऑक्टोबर, बुधवार.

माएस्त्राल असं लिहून आलं की मी सुखाने झोपेन.

लोवोर्का


व्रान्याक टोक
३० ऑगस्ट २०००

प्रिय लोवोर्का,

पोस्टकार्डात मी अतिशयोक्ती केलेली नाही. इथे वारा आहे आणि दुसरं काही नाही. विशेषण लावायला थांबलो असतो तर पोस्टकार्ड हातात राहिलं नसतं.

तंबूबरोबर खुंट्या मिळाल्या होत्या, पण खुंटीला जमीन लागते. इथे देवाने दगड घातले आणि माती आणायला गेला तो परत आलाच नाही. म्हणून चारही दोर चार धोंड्यांना बांधले आहेत. परवा त्यातला एक धोंडा तंबूच्या बाजूने गेला, म्हणजे दोघे मिळून समुद्राकडे निघाले. मी मागे. केंद्राच्या पायरीवर बसून येर्कोकाका अंजीर खात होते.

‘‘काय प्राध्यापक, कुठे निघालास?’’

‘‘मी नाही, काका. तंबू निघालाय.’’

‘‘मग त्याला सांग, पुढची बोट बुधवारी आहे.’’

काकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या जागी गच्चीवर एक यंत्र बसवलं आहे, ते स्वतःच मोजतं आणि स्वतःच झाग्रेबला कळवतं. तरी काका सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ असे वर जातात, तोंडावर वारा घेतात आणि खाली येऊन वहीत लिहितात. मी विचारलं, ‘‘तुमचं आणि यंत्राचं जमलं नाही तर खरं कोणाचं?’’ म्हणाले, ‘‘त्याला कधी सर्दी झालेली पाहिलीस?’’

गेले चार दिवस यूगो आहे. यूगोचं लक्षण सूत्रात सांगायचं तर: अंथरूण ओलं, मीठ ओलं, स्वभाव कोरडा. संस्कृतात वाऱ्याला पवन म्हणतात, पवन म्हणजे शुद्ध करणारा. ज्याने हे नाव ठेवलं त्याने व्रान्याकला चार दिवस काढलेले नसावेत. मी इथे एका व्याकरण-टीकेचा अनुवाद पुरा करायला आलो आहे. आतापर्यंत अडीच पानं झाली, त्यातलं एक उडालं. गेलेलं पान सगळ्यांत चांगलं होतं, असं आता सांगायला हरकत नाही.

तुझा प्रश्न. नोंदवही काकांच्या कपाटात आहे आणि कपाट त्यांच्या लहरीवर उघडतं. पण वही कशाला हवी? मला आठवतं. माएस्त्राल होता. मावशीने नेहमीसारखं सकाळी मला केंद्रावर पाठवलं, मी विचारून आलो, तिने हो म्हटलं. तू झोप.

खारवलेल्या सार्डिनची बरणी उघडली आहे आणि मांजरं दोन आहेत, तेव्हा इथेच थांबतो. तुझ्या नवऱ्याला नमस्कार सांग. त्याची पाठ कशी आहे?

कुझ्मा


फ्रीमँटल
१२ सप्टेंबर २०००

कुझ्मा,

बरं वाटलं. नेवेन्काला पत्र लिहून पाकिटात घातलं आहे: आई चांगल्या वाऱ्यात, स्वतःच्या शब्दाने आली होती, तर तिला तिथेच राहू दे, अस्थिघरात ठेव. एक ऑक्टोबरला टपालात टाकते. तोवर काही सांगायचं असेल तर सांग. नसेलच काही.

एक मात्र आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तंबूवर दीड पान आणि माएस्त्रालवर तीन ओळी. आई म्हणायची, ‘कुझ्माला खोटं बोलायचं असलं की तो आधी खोकतो.’ पत्रात खोकला ऐकू येत नाही, ही टपालखात्याची मोठीच सोय आहे. असो. चेष्टा केली.

नवऱ्याची पाठ होती तशीच आहे. पण तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘याच्या खिशात घराची किल्ली, घर तिथून तासाभराच्या वाटेवर, आणि हा दरवर्षी दगडावर का झोपतो?’’ मी म्हटलं, विद्वान माणूस आहे. तो म्हणाला, ‘‘विद्वानालाही पाठ असतेच की.’’

याचं उत्तर तुला येत असेल तर लिही.

लोवोर्का


व्रान्याक टोक
२८ सप्टेंबर २०००

लोवोर्का,

आज सकाळी लुचित्साच्या पोस्टातून फोन केला तो तुझ्या नवऱ्याने घेतला. मी म्हटलं, ‘‘तिला सांग, ते पाकीट टाकू नकोस.’’ तो म्हणाला, ‘‘का?’’ मी म्हटलं, ‘‘लिहितो.’’ तो म्हणाला, ‘‘आता बोलतोयस ना, मग आताच सांग.’’ मी फोन ठेवला. फोनवर मी खोकलो असतो.

तुझं पत्र काल बोटीने आलं. वाचलं आणि तसाच वर केंद्रात गेलो. काका मसुराची डाळ निवडत होते. म्हटलं, ‘‘काका, एक जुनी वही बघायची होती.’’ कोणती, असं त्यांनी विचारलं नाही. ताट बाजूला ठेवलं, हात पुसले आणि सत्त्याऐंशी सालची वही काढून माझ्यापुढे ठेवली. कपाटाला कुलूप नव्हतंच. कधीच नव्हतं.

चौदा ऑक्टोबर. सकाळी सात, यूगो, जोर सहा. दुपारी दोन, यूगो, जोर सात. रात्री नऊ, यूगो, जोर सात. त्यापुढे सोळा तारीख, शुक्रवार, यूगो, जोर पाच, आणि ज्या रकान्यात धुकं, गारा, वीज असं लिहितात त्या रकान्यात काकांच्या अक्षरात मावशीचं नाव: ‘टोंका बोटीने गेली.’

‘‘तुम्हाला माहीत होतं,’’ मी म्हटलं.

‘‘मी तुला यूगो सांगितला होता. तू खाली जाऊन काय सांगितलंस ते बोट दिसली तेव्हा कळलं.’’

‘‘मग तेरा वर्षं बोलला का नाहीत?’’

‘‘तू दरवर्षी येऊन दगडावर झोपत होतास. म्हटलं, चाललंय त्याचं.’’ आणि पुन्हा डाळ निवडायला बसले.

तर आता तुला सांगतो. मला पुण्याची वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली होती. एकोणीस तारखेला विमान. स्प्लिटच्या वृद्धाश्रमातल्या नन्सनी मावशीसाठी जागा शुक्रवारपर्यंत राखली होती, नंतर ती दुसऱ्या कोणाला जाणार होती. त्या उन्हाळ्यात मावशी दोनदा पडली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. तिला एकटं ठेवणं शक्यच नव्हतं, असं मी तेरा वर्षं स्वतःला सांगतो आहे, आणि त्यातली गंमत अशी की ते खरंही आहे. खोट्याला खऱ्याचा टेकू मिळाला की ते फार दिवस उभं राहतं.

मावशी म्हणत होती, ‘‘वारा फिरू दे, मग सांगते.’’ घर डोंगराच्या कुशीत, खिडक्या बंद, तिला समुद्र दिसत नव्हता. म्हणून रोज सकाळी मला पिटाळायची, ‘‘जा, येर्कोला विचारून ये.’’ रोज मी येऊन सांगायचो, यूगो. ती म्हणायची, ‘‘मग उद्या.’’ बुधवारी परतताना मी अर्ध्या वाटेवर एका भिंतीच्या आडोशाला बसलो. व्याकरणाची चार हजार सूत्रं पाठ असलेल्या माणसाला एक शब्द पाठ करायला तासभर लागला.

ती चुलीपाशी होती. ‘‘काय म्हणतो येर्को?’’

‘‘माएस्त्राल, मावशी. पहाटेच फिरला.’’

‘‘असं म्हणतो?’’

‘‘असं म्हणतो.’’

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, ‘‘बरं तर. जाईन मी.’’ आणि मला म्हणाली, कपाटातून लोकरीची शाल काढून ठेव.

शुक्रवारी बोटीवर, धक्का सोडून टोकाला वळसा घालताना, तिने कठड्याबाहेर हात काढला. तळवा दक्षिणेकडे. थोडा वेळ तसाच धरला, मग शालीत घेतला. मी विचारलं, ‘‘थंडी वाजते का?’’ म्हणाली, ‘‘नाही रे. तू जेवलास का?’’

त्या क्षणी तिला कळलं. पण तेव्हा शब्द देऊन झाला होता, आणि तिने तो पाळला. चार महिने पाळला. पुण्यात माझ्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘‘घरी कोण असतं तुमच्या?’’ म्हटलं, मावशी. ‘‘आणि तिच्याजवळ?’’ म्हटलं, नन्स. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे कोणी नाही.’’ फेब्रुवारीत स्प्लिटहून तार आली तेव्हा मी समासांवरच्या व्याख्यानात पुढच्या बाकावर बसलो होतो. तार वाचली, घडी केली आणि व्याख्यान संपेपर्यंत बसून राहिलो. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात तू सरळ विचारलंस आणि मी पुन्हा तोच शब्द लिहिला. पहिल्या वेळी निदान विमान तरी होतं. या वेळी कसलीच घाई नव्हती.

तुझ्या नवऱ्याला सांग: घरात मला झोप लागत नाही. तंबूत लागते, कारण तिथे वारा कोणता ते कोणाला विचारावं लागत नाही.

तिला बेटावर आण. आणि मला जे लिहायचं असेल ते लिही. तुमच्याकडे यूगो नसतो, तेव्हा तुझा प्रत्येक शब्द मी धरीन.

कुझ्मा


फ्रीमँटल
९ ऑक्टोबर २०००

कुझ्मा,

पाकीट टाकलं नाही. फाडून चुलीत घातलं.

तू लिहिलंस, तिला बोटीवर कळलं. नाही. तिला आधीच माहीत होतं. तिने त्याच दुपारी मला पत्र लिहिलं. तेरा वर्षं ते माझ्या शिवणाच्या डब्यात, सुयांच्या खाली आहे. अक्षरं मोठी, तिरकी, ओळी एकमेकींवर चढलेल्या. जसंच्या तसं उतरवते:

‘लोवो, कुझ्मा केंद्रावरून आला आणि माएस्त्राल म्हणाला. बरणीत मिठाचं पाणी झालंय, दोरीवरचे कपडे चार दिवस वाळलेले नाहीत, आणि माझे गुडघे येर्कोच्या यंत्रांपेक्षा जुने आहेत. पोरगा खोटं बोलला. आधी खोकलासुद्धा. त्याला जायचं आहे आणि मला एकटं टाकून त्याचा पाय निघत नाही, म्हणून मी हो म्हटलं. त्याच्यावर रागावू नकोस. पण शब्द यूगोत दिलेला आहे. तो मी केव्हाही परत घेऊ शकते, आणि बेटावर कोणी नाव ठेवणार नाही. तू नाताळपर्यंत येणार असशील तर एक ओळ लिही. मी नन्सना सांगेन, वारा चुकीचा होता, आणि घरी येईन.’

हे मला चोवीस तारखेला मिळालं. आम्ही तेव्हा नुकतीच मासेमारीची दुसरी बोट घेतली होती. शेवंड्यांचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो आणि हंगामात इथून कोणी हलत नाही, आईबाप आजारी असले तरी नाही. मी तीन आठवडे उत्तर दिलं नाही. मग लिहिलं: ‘आई, कुझ्मा शिकलेला माणूस आहे. तो माएस्त्राल म्हणाला तर माएस्त्रालच असेल. तुझे गुडघे आता म्हातारे झाले.’ शेवटचं वाक्य मी विनोद म्हणून लिहिलं होतं.

त्यानंतर तिची चार पत्रं आली. जेवण, प्रार्थना, शेजारच्या खाटेवरची बाई. वाऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

तू तिला फसवलंस, पण तिने परत यायला दार किलकिलं ठेवलं होतं. ते मी लावलं. आता तुला कळलं असेल मी ऑगस्टमध्ये का विचारलं. आईसाठी नाही विचारलं. वाटलं, वहीत खरंच माएस्त्राल निघाला तर आईचे गुडघे चुकले, आणि मी बरोबर. तू तसं लिहिलंस आणि मी झोपले. चार रात्री गाढ झोपले. तू खोटं लिहितोयस हे मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. तरी झोपले.

मी येते आहे. सहा नोव्हेंबरला स्प्लिटला उतरेन. नवरा म्हणाला, हंगाम तोंडावर आलाय. मी म्हटलं, या वर्षी तो माझ्याशिवाय येईल. त्याने बॅग माळ्यावरून काढून दिली.

तुझ्यावर रागवायचं आहे. ते समोर बसून रागवेन, पत्रात मावत नाही. तूही तुझा राग तयार ठेव, माझ्या वाटणीचा.

लोवोर्का


लुचित्सा
२० ऑक्टोबर २०००

लोवोर्का,

वरचं ठिकाण वाचलंस ना? तंबू काकांना देऊन टाकला. म्हणाले, कांदे झाकायला होईल. घर उघडलं, दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. अजून झोप लागत नाही, पण तू येईपर्यंत कोणीतरी इथे जागं असायला हवंच.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की आता ते मला पाठ आहे. नैयायिक म्हणतात, प्रत्यक्ष समोर असताना ऐकीव शब्दाचं काही चालत नाही. मावशीकडे मीठ होतं, कपडे होते, गुडघे होते. तरी तिने माझा शब्द धरला, तो खोटा आहे हे माहीत असताना धरला. याला शास्त्रात काय म्हणतात ते मी शोधलं. नाव नाही. तुझ्यावर रागावण्याचाही प्रयत्न केला. दोन पायऱ्या चढतो आणि प्रत्येक वेळी माझ्याच दारात येतो.

काल कचेरीत गेलो होतो. अस्थी आणण्याचा अर्ज आहे, त्यात एक रकाना: ‘कारण’. मी लिहिलं, ‘कौटुंबिक’. टेबलामागच्या बाईंनी ते वाचलं आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

‘‘हे कारण नाही, हे झाकण आहे. टोंकाला मी ओळखत होते.’’

‘‘मग काय लिहू?’’

‘‘झालं ते लिहा. आणि प्रबंध नको, जागा तीन ओळींची आहे.’’

मला एक ओळ पुरली. लिहिलं, ‘तिला जायचं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.’ मग तुझं पत्र खिशात होतं ते आठवलं. ‘मला’ खोडून ‘आम्हाला’ केलं. तुझ्या परवानगीशिवाय केलं, पटलं नाही तर पुन्हा खोड.

खाली जवळच्या दोन नातेवाइकांनी सह्या करायच्या आहेत. माझी झाली. तुझ्या जागेपाशी बाईंनी पेन्सिलीने एक बारीक फुली मारून ठेवली आहे.

कुझ्मा